साथीनंतरचे अर्थकारण : राजर्षी शाहूंचा मार्ग आणि जव्हार-मोखाडा

दरवर्षी २६ जूनला आपण राजर्षी शाहू महाराजांच्या प्रतिमेला हार घालतो. व्याख्याने होतात, मिरवणुका निघतात. वक्ता आरक्षणाचे जनक म्हणून त्यांचा गौरव करतो, वसतिगृहांची यादी वाचतो, माणगाव परिषदेचा उल्लेख करतो आणि खाली बसतो. यात चूक काहीच नाही. परंतु बाजारपेठ वसवणारे, गिरणी काढणारे, धरण बांधणारे, अस्पृश्याला दुकान काढून देऊन स्वतः त्याचे गिऱ्हाईक होणारे शाहू महाराज या भाषणांतून हरवतात. कोरोनाच्या महामारीनंतर देशात आर्थिक सुधारणांची आणि उद्योजक घडवण्याची भाषा मोठ्या आवाजात सुरू झाली. अशा वेळी हे हरवलेले शाहू महाराज शोधणे आम्हाला अगत्याचे वाटते. कारण दुष्काळ, प्लेग आणि इन्फ्लुएंझा अशी तीन संकटे या राजाने आपल्या २८ वर्षांच्या कारकिर्दीत पाहिली, आणि त्या काळात त्याने राज्याचे अर्थकारण तळापासून बदलायला घेतले.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतराव या नावाने महाराजांचा जन्म झाला. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर ते दत्तक आले. राजकोट आणि धारवाड येथे शिक्षण झाले. याच काळात, १८८८ साली, कोल्हापूर ते मिरज रेल्वेमार्गाच्या कामाचा आरंभ या अल्पवयीन राजाच्या हस्ते झाला आणि १८९१ साली गाडी धावू लागली. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा ते अवघे १९ वर्षांचे होते.

वर्षभरातच, १८९५ साली, त्यांनी शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली. कोल्हापूरच्या परिसरात ऊस होता, गूळ होता. परंतु शेतकऱ्याच्या गुळाला हक्काची पेठ नव्हती. रेल्वे आली होती, तिच्या जवळ बाजार हवा होता. व्यापाऱ्यांना जागा दिली गेली, वखारी उभ्या राहिल्या आणि कोल्हापूरचा गूळ दूरदूर जाऊ लागला. माल, वाहतूक आणि बाजार या तीन गोष्टी एकत्र आल्याशिवाय कष्टकऱ्याच्या हातात पैसा येत नाही, ही जाण या तरुण राजाला होती.

पण लगेचच संकट आले. १८९६-९७ चा दुष्काळ पडला. पाठोपाठ १८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग पुढच्या काही वर्षांत करवीर राज्यातही पोहोचला. या प्लेगने आपल्या चळवळीचे काय नुकसान केले ते वाचकांना ठाऊक आहे. फेब्रुवारी १८९७ मध्ये कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे गेले आणि १० मार्च १८९७ रोजी रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. ब्रिटिश सरकारने १८९७ साली साथरोगांचा कायदा केला. वकील म्हणून आम्ही हे आवर्जून नमूद करतो, की २०२० साली कोरोनासाठी सरकारांनी बाहेर काढला तो हाच कायदा. माणसाला घरात थांबवण्याचा, तपासण्याचा, शिक्षा करण्याचा अधिकार त्यात आहे. थांबलेल्या माणसाच्या चुलीचे काय, याबद्दल त्यात एक ओळही नाही.

शाहू महाराजांनी चुलीचा विचार केला. दुष्काळात स्वस्त धान्याची दुकाने उघडली, शेतकऱ्यांना तगाई दिली, रस्त्यांची व विहिरींची कामे काढून हाताला काम दिले. प्लेग आला तेव्हा लोकांना गावाबाहेर मोकळ्या जागेत हलवण्यास, लस टोचून घेण्यास त्यांच्या प्रशासनाने प्रोत्साहन दिले. राजा स्वतः फिरत होता, पाहत होता. त्या वणवणीत त्याला एक सत्य दिसले असावे असे त्याच्या पुढच्या कृतींवरून आम्हाला वाटते. संकट सर्वांवर सारखे येते, पण सावरण्याची साधने सर्वांकडे सारखी नसतात. ज्याच्याकडे वतन, नोकरी, अक्षर आणि सावकारी आहे तो वर्षभरात उभा राहतो. ज्याच्याकडे यातले काहीच नाही तो संकट संपल्यावरही संकटातच राहतो.

म्हणून दुष्काळ आणि प्लेगच्या या वर्षांनंतर आलेला २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा आपण अर्थकारण म्हणूनही वाचला पाहिजे. संस्थानच्या नोकरीतील रिकाम्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हा हुकूम होता. नोकरी म्हणजे दरमहा पगार. पगार म्हणजे शिल्लक. शिल्लक म्हणजे मुलाची शाळा आणि पुढे कधीतरी छोटासा धंदा. ज्या समाजाच्या घरात रोकड कधी आलीच नव्हती, त्या घरात रोकड नेण्याचा हा मार्ग होता. आरक्षण हे उद्योजकतेच्या विरोधात आहे असे आज जे विद्वान सांगतात, त्यांनी भांडवल पहिल्यांदा घरात येते कुठून याचे उत्तर द्यावे.

पुढची पंधरा वर्षे ही उभारणीची वर्षे आहेत. १९०६ साली कोल्हापुरात शाहू छत्रपती स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभी राहिली. १९०७ साली भोगावती नदीवर धरण बांधण्याची योजना आली आणि १९०८ साली राधानगरी हे गाव वसले. धरणाचे काम महायुद्धाच्या काळात पैशाअभावी थांबले व स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले, पण शेतीला बारमाही पाणी मिळाले पाहिजे हा निर्णय महाराजांचा. पन्हाळ्याच्या डोंगरावर चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग झाले. सहकारी पतसंस्थांना कायद्याचा आधार मिळाला आणि १९१३ साली कोल्हापूर अर्बन ही सहकारी पेढी सुरू झाली. १९१७ साली जयसिंगपूर ही नवी पेठ वसली. त्याच साली सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झाले. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले तेव्हा नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा देऊन टाकल्या. तोफा वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले.

इथपर्यंतची कामे एखादा चांगला, दूरदृष्टीचा संस्थानिक करू शकला असता. बडोद्यात सयाजीरावांनीही मोठी कामे केली. शाहू महाराजांचे वेगळेपण १९१८ साली दिसते, आणि या लेखाचा गाभा तिथेच आहे.

१९१८ हे हिंदुस्थानच्या इतिहासातले काळे वर्ष. महायुद्धामुळे महागाई भडकलेली, पाऊस दगा दिलेला, आणि वर्षाच्या उत्तरार्धात इन्फ्लुएंझाची साथ आली. देशभर एक कोटीहून अधिक माणसे काही महिन्यांत मेली. महाराजांचे त्या वर्षातले कायदे साथीमुळेच झाले असे आम्ही म्हणत नाही. त्यांची तयारी आधीपासून चालू होती. पण ज्या वर्षी गरिबाचे घर सर्वांत जास्त मोडले, त्याच वर्षी करवीर राज्यात गरिबाचे हात मोकळे करणारे कायदे झाले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कोणते कायदे? बलुते पद्धत बंद झाली. महार वतनाच्या जमिनी वतनातून मोकळ्या करून ज्याच्या त्याच्या नावावर रयतावा करण्यात आल्या. कुलकर्णी वतने खालसा होऊन पगारी तलाठी आले आणि त्या जागांवर अस्पृश्यांनाही घेतले गेले. गुन्हेगार ठरवलेल्या जातींची रोजची हजेरी बंद झाली. पाठोपाठ वेठबिगारीवर बंदी आली.

नव्या पिढीच्या वाचकाला बलुते आणि वतन यांचा आर्थिक अर्थ सांगितला पाहिजे. बलुतेदार गावाचे काम करणार आणि सुगीला गावकरी देतील तेवढे धान्य घेणार. कामाचा दर तो ठरवू शकत नाही. दुसऱ्या गावात जास्त पैसे मिळतात म्हणून तो जाऊ शकत नाही. चांभाराच्या मुलाने सुतारकी करायची म्हटली तर गाव आडवे येते. महार वतनदाराची अवस्था त्याहून वाईट. तुकड्या-तुकड्यांच्या जमिनीच्या मोबदल्यात अख्खे घराणे चोवीस तास सरकारचे आणि गावाचे हरकाम्या. सांगावा पोचवा, मेलेले ढोर ओढा, साहेबाचे सामान डोक्यावर घ्या. एक माणूस आजारी पडला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. ज्या माणसाचा वेळ त्याच्या मालकीचा नाही तो धंदा काय करणार? वतन मोडले तेव्हा महाराजांनी त्याला जमीन दिली आणि त्याचा दिवसही त्याला परत दिला.

ब्रिटिश मुलखात हेच काम व्हायला किती काळ लागला पाहा. मुंबई इलाख्यातील वतनांचा कायदा १८७४ चा, म्हणजे महाराजांच्या जन्माच्या वर्षाचा. त्यात दुरुस्तीसाठी बाबासाहेबांनी १९२८ साली विधिमंडळात विधेयक मांडले. ते झाले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. शाहू महाराज चाळीस वर्षे पुढे होते.

पण हात मोकळे केले म्हणजे काम संपले असे त्यांनी मानले नाही. गंगाराम कांबळे यांची हकिकत चळवळीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. राजवाड्याच्या पागेत नोकरीला असलेल्या या महार तरुणाने पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्ला. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामला सांगितले की स्वतंत्र धंदा कर. भांडवल दिले. कोल्हापुरात भर वस्तीत सत्यसुधारक नावाचे हॉटेल उघडले. पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी त्या दुकानासमोर थांबवू लागले. स्वतः चहा घेत आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजत. राजाने घेतलेला चहा नाकारण्याची कोणाची छाती होणार?

भावनेच्या भरात ही गोष्ट सांगून आपण पुढे जातो, पण तिच्यात अर्थशास्त्र आहे. धंद्याला चार गोष्टी लागतात : मोकळा माणूस, भांडवल, जागा आणि गिऱ्हाईक. पहिल्या तीन मिळाल्या आणि चौथी जातीने अडवली तर दुकान महिन्याभरात बंद पडते. महाराजांनी चौथी गोष्टही दिली. अस्पृश्यांना शिलाई यंत्रे देऊन राजवाड्यातले शिवणकाम त्यांच्याकडे सोपवले तेही याच विचाराने. अस्पृश्य तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. आम्ही काळा कोट घालून कोर्टात उभे राहतो तेव्हा त्या पहिल्या सनदांचे ऋण आम्हाला आठवते. रानोमाळ भटकणाऱ्या फासेपारध्यांना त्यांनी सोनतळीच्या छावणीत आसरा दिला आणि ज्यांना जग चोर म्हणत होते त्यांना पहाऱ्याची कामे दिली.

आता जव्हार-मोखाड्याकडे या. जव्हार हे मुकणे या महादेव कोळी घराण्याचे संस्थान, १९४८ साली विलीन झालेले. १ ऑगस्ट २०१४ पासून हे दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात आहेत. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशी बहुसंख्य आदिवासी वस्ती. १९९२-९३ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी हा भाग महाराष्ट्राला कळला आणि मग महाराष्ट्र त्याला विसरला. दिवाळी झाली की गावे रिकामी होतात. उचल घेतलेली कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ही माणसे भट्ट्यांवर अडकली, पायी परतली आणि घरी आली तर घरात दाणा नव्हता.

सरकारने काय केले? राज्य सरकारने खावटी योजना पुन्हा सुरू केली : कुटुंबाला ४,००० रुपये, निम्मे रोख, निम्मे वस्तुरूपाने. पोटाला आधार म्हणून ते आवश्यक होते. केंद्राने मे २०२० मध्ये २० लाख कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यातली सर्वांत मोठी उद्योगांसाठीची योजना म्हणजे ३ लाख कोटींची आपत्कालीन कर्जहमी. तारण नाही, हमी सरकारची. ऐकायला उत्तम. पण कर्ज किती मिळणार? २९ फेब्रुवारी २०२० रोजी तुमच्या नावावर जेवढे कर्ज बाकी असेल त्याच्या २० टक्के. मोखाड्यात बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या माणसाच्या नावावर बँकेचे कर्ज किती होते? शून्य. शून्याचे २० टक्के किती, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. स्टँड-अप इंडिया ही २०१६ ची योजना खास अनुसूचित जाती-जमाती व महिलांसाठी होती, तिची मुदत २०२५ पर्यंत चालली. पण तिचे किमान कर्ज १० लाखांचे. जव्हारच्या बाजारात मोगऱ्याची फुले आणणाऱ्या बाईला ५० हजार हवे असतात, १० लाख नव्हे. या सुधारणांनी ज्यांचे खाते आधीच चालू होते त्यांना सावरले. शाहू महाराजांच्या सुधारणा ज्याचे खातेच नव्हते त्याच्यापासून सुरू झाल्या. फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाऊ नये म्हणून कायदा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन वारसाला जाते, पण विकता वा हस्तांतरित करता येत नाही. हे संरक्षण योग्यच आहे. ते काढा म्हणणाऱ्यांचा डोळा जमिनीवर आहे हे ओळखा. पण मग बँकेने जमिनीचे तारण मागू नये, हाताचे कसब पाहावे. महाराजांनी गंगाराम कांबळेंकडे सातबारा मागितला नव्हता.

पाण्याचेही तेच. राधानगरीचे पाणी राजाने आपल्याच शेतकऱ्यासाठी अडवले. मोखाडा तालुक्यात २०१४ साली मध्य वैतरणा धरण पूर्ण झाले, त्याचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. पाण्याशिवाय मोगरा फुलत नाही आणि भाजीपाला होत नाही. मग माणूस पुन्हा भट्टीची उचल घेतो.

आणि वेठ? १९७६ साली देशात वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. तरीही २०२१ साली मोखाड्यातल्या एका आदिवासी कुटुंबातून, ५०० रुपयांच्या उसनवारीपोटी माणसाला वेठीला जुंपल्याची तक्रार पोलिसांत नोंदवली गेली. शाहू महाराजांनी करवीर राज्यात वेठ बंद केल्याला तेव्हा शंभर वर्षे झाली होती. ज्या तालुक्यात ५०० रुपयांना माणूस बांधला जातो, त्या तालुक्यात उद्योजकतेची शिबिरे भरवून काय होणार? आधी उचलीची गाठ सोडवली पाहिजे. नाहीतर त्या शिबिराला यायलाही माणूस गावात उरत नाही.

मग आपण काय करायचे? केवळ सरकारला दोष देऊन चळवळ पुढे जात नाही. पहिले काम, उचलीच्या व वेठीच्या प्रकरणांत १९७६ च्या कायद्याखाली तक्रारी दाखल करणे आणि सुटलेल्या माणसाला मुक्तीचा दाखला व पुनर्वसनाची रक्कम मिळेपर्यंत पाठपुरावा करणे. हे काम चळवळीतल्या वकिलांचे आहे. दुसरे, वनहक्क व पेसा कायद्यांनी बांबू आणि इतर गौण वनोपजावर ग्रामसभेला दिलेले अधिकार कागदावरून व्यवहारात आणणे, म्हणजे टोपलीवाल्याला कच्चा माल त्याच्या हक्काचा मिळेल. तिसरे, गिऱ्हाईक. २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्राची खाती व सार्वजनिक कंपन्या यांनी वार्षिक खरेदीपैकी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातीच्या लघुउद्योजकांकडून करायची आहे. राजवाड्यातल्या शिवणकामाचे हे आधुनिक रूप आहे. पण त्यासाठी नोंदणी हवी, जातीचा दाखला हवा, आणि तो काढून देणारा सुशिक्षित कार्यकर्ता हवा. चौथे काम तर आपल्या खिशातले आहे. आपल्या जयंत्या-परिषदांना लागणारी फुले, टोपल्या, नाचणी-वरईचे पदार्थ, मंचावरची वारली चित्रे आपण कोणाकडून घेतो? दलालाकडून की पाड्यावरून? राजाने गाडी थांबवली होती. आपल्याला निदान एक ऑर्डर देता येईल.

१९२० साली बाबासाहेबांच्या मूकनायकाला महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य केले. मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत स्वतः येऊन अस्पृश्यांचा पुढारी म्हणून बाबासाहेबांना मान दिला. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा वयाची ४८ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यानंतर कोल्हापुरात त्यांच्या स्मारकासाठी पुढे आलेल्यांत गंगाराम कांबळे होते. ज्याला राजाने धंद्याला लावले त्याने राजाची आठवण उभी केली. पुढच्या २६ जूनला हार घालण्याआधी प्रत्येक शाखेने जव्हार-मोखाड्याचा एक पाडा निवडावा आणि तिथल्या एका तरी माणसाला उचलीतून सोडवून त्याच्या स्वतःच्या धंद्यावर उभे करावे. राजर्षींना अभिवादन करण्याची आम्हाला याहून चांगली रीत माहीत नाही.

जय भीम!